रविवारची निवांत दुपार: गॅस्ट्रोपबमध्ये पहिल्यांदा जेवायला जाताना

आम्ही पाच जण. शाळेपासूनची मैत्री. एक दादरची, एक पार्ल्याचा, दोघं डोंबिवलीचे आणि मी परळची. महिन्यातला एक रविवार आम्ही एकमेकांसाठी राखून ठेवलाय. दुपारी साडेबाराला भेटायचं, चार-साडेचारला उठायचं. मधल्या वेळात जेवायचं, गप्पा मारायच्या, ज्याला प्यायचं त्याने प्यायचं. जागा बहुतेक वेळा एखादा गॅस्ट्रोपब.

ऑफिसातल्या नव्या मुली, नोकरीसाठी मुंबईत आलेला माझा मावसभाऊ, अगदी माझी मोठी वहिनीसुद्धा मला विचारते, “तिथे जाऊन नक्की करतात काय? आम्हाला जमेल का?” न जमायला काय झालं? त्यांना तोंडी जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते.

जागा कशी ओळखायची

गॅस्ट्रोपब हा शब्द लंडनचा. १९९१ साली क्लर्कनवेल भागात डेव्हिड आयर आणि माइक बेल्बेन या दोघांनी ‘द ईगल’ नावाचा पब चालवायला घेतला आणि तिथे पबमध्ये मिळतं त्यापेक्षा कितीतरी चांगलं, रोज ताजं शिजवलेलं जेवण द्यायला सुरुवात केली. बसणं पबसारखं साधं, जेवण मात्र चांगल्या रेस्टॉरंटच्या तोलाचं. हीच त्याची व्याख्या आणि आजही तीच कसोटी.

आपल्याकडे परमिट रूम होते. तिथे मुख्य काम पिण्याचं आणि ताटलीत येणारा तो चखणा. दुसरीकडे फॅमिली रेस्टॉरंट, जिथे जेवायचं आणि उठायचं, कारण दारात वीस माणसं नंबर लावून उभी. गॅस्ट्रोपब या दोन्हींच्या मधला. स्वयंपाकघराला बारइतकाच मान, आणि बसायला वेळ.

मुंबईत कुलाब्याला रीगल सिनेमाजवळचं वुडसाइड इन याच चालीचं. वांद्र्यात आणि अंधेरीत पर्याय भरपूर. लोअर परळला कमला मिल आणि मथुरादास मिलच्या आवारात तर रांगच आहे. माझे आजोबा गिरणीत होते. त्यामुळे त्या आवारात शिरताना जुनी चिमणी दिसली की मी दोन मिनिटं थांबते. माझ्याबरोबर येणाऱ्यांना हे माहीत आहे, तेही थांबतात.

नाव मोठं म्हणून जागा निवडू नका. पहिल्यांदा जाताय तर घराजवळचीच बघा. आदल्या आठवड्यात संध्याकाळी तिथून जाता जाता आत डोकावा. दोन टेबलांत किती अंतर आहे, खुर्चीला पाठ आहे का, गाणी किती मोठ्याने लावतात, एवढं बघितलं तरी पुरे. उंच स्टुलावर चार तास बसवत नाही. पाठीचं दुखणं असलेली एक मैत्रीण आमच्यात आहे, म्हणून हे अनुभवाने सांगते.

दिवस ठरवताना पंचांग आणि रेल्वे, दोन्ही बघा

आपल्या लोकांचं शनिवारचं जेवण भरवशाचं नसतं. कुणाचा मारुतीचा वार, कुणाचा शनीचा. म्हणून आम्ही रविवार धरतो. तरी संकष्टी रविवारीही येते, आणि श्रावणात तर निम्मा ग्रुप शाकाहारी होतो. श्रावणात जाऊच नये असं नाही, पण तेव्हा ज्यांच्या मेन्यूत शाकाहारी पदार्थ मनापासून केलेले असतात अशी जागा निवडा. गटारीच्या आधीचा रविवार मात्र टाळा. त्या दिवशी निवांतपणा कुठेच मिळत नाही.

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ड्राय डे सगळ्यांना ठाऊक असतात. आषाढी-कार्तिकी एकादशी आणि अनंत चतुर्दशी विसरायला होते. निवडणूक असेल तर मतदान संपेपर्यंतचे ४८ तास दारूविक्री बंद असते. नुसतं जेवायचं असेल तर स्वयंपाकघर चालू आहे का, एवढं फोनवर विचारून घ्या.

क्रिकेटही बघा. आयपीएलच्या दिवसांत रविवारी दोन सामने असतात आणि दुपारचा साडेतीनला सुरू होतो. भारताचा मोठा सामना असेल तर पडदा लागतो, आवाज वाढतो आणि समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आमची एक आख्खी दुपार अशी गेली. मैत्रीण नोकरी सोडण्याबद्दल काहीतरी सांगत होती आणि आम्ही चौघं नुसते माना हलवत होतो. काय सांगत होती ते दोन दिवसांनी फोनवर कळलं.

आणि मेगाब्लॉक! मुंबईत नवीन असाल तर हे पाठच करा. रविवारी साधारण सकाळी अकराच्या सुमारापासून दुपारी तीन-साडेतीनपर्यंत रेल्वे रुळांच्या आणि सिग्नलच्या दुरुस्तीसाठी काही मार्गांवर गाड्या बंद ठेवते किंवा जलद गाड्या धिम्या मार्गावर वळवते. नेमकी आपली जेवणाची वेळ. शनिवारी वेळापत्रक जाहीर होतं, ते बघून निघायची वेळ ठरवा. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरे ते कफ परेड पूर्ण धावते, त्यामुळे अंधेरीहून कुलाब्याकडे जाणं आता बरंच सोपं झालंय. हुतात्मा चौकाला उतरून रीगलपर्यंत पायी जाता येतं. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पलीकडे शहरात येत नाही, तिथून पुढे काळी-पिवळी.

फोन करा, ॲपवर विसंबू नका

टेबल ॲपवरूनही मिळतं, पण मी फोनच करते. फोनवर चार गोष्टी विचारता येतात. दुपारचं किचन किती वाजता बंद होतं? काही ठिकाणी साडेतीनला शेवटची ऑर्डर घेतात. टेबल किती वेळ आपलं? काही जण दोन तासांनी उठवतात, तिथे जाऊच नका. बरोबर लहान मूल असेल तर चालतं का? आणि कोपऱ्यातलं, स्पीकरपासून लांबचं टेबल मिळेल का? शेवटचा प्रश्न आवर्जून मराठीत विचारा. “दादा, आम्हाला गप्पा मारायच्या आहेत, जरा शांत कोपरा बघाल का?” असं म्हटलं की समोरचा माणूस खरंच बघतो.

वेळ साडेबाराची घ्या. दीडनंतर गर्दी होते आणि स्वयंपाकघराची गडबड सुरू होते. साडेबाराला पोचलात तर पहिला पाऊण तास वाढपी फक्त तुमचे असतात.

पाच-सहा माणसं पुरे. आठ झाली की टेबलावर दोन गट पडतात.

पोचल्यावर

बसण्याआधी बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते बघा. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातल्या छतावरच्या पबला लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. तेव्हापासून मी कुठेही गेले तरी जिना आणि दार आधी बघून घेते. दुसरा रस्ता नसेल, किंवा त्यावर खोकी रचलेली असतील, तर तिथे बसू नका.

कपड्यांची चिंता नको. कुडता, जीन्स, सुती साडी, सगळं चालतं. एसी मात्र कडक असतो, ओढणी किंवा पातळ जॅकेट बरोबर ठेवा.

वयाचा पुरावा जवळ असू द्या. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. शिवाय कायद्याने पिणाऱ्याकडे परवाना हवा. एका दिवसाचा परवाना ५ रुपयांचा असतो, आजन्म १००० रुपयांचा. नेहमी जाणार असाल तर आजन्म परवाना काढून टाका.

एकदम ऑर्डर देऊ नका

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आमच्या पहिल्याच वेळी आम्ही मेन्यू हातात आल्यावर भुकेच्या भरात नऊ पदार्थ एका दमात सांगितले. वीस मिनिटांत सगळे आले. टेबल चिमुकलं, ताटल्या एकीवर एक. कोळंबी थंड झाली, पिझ्झ्यावरचं चीज रबरासारखं झालं, आणि दीड वाजता आम्ही पोट धरून बसलो होतो. टेबल रिकामं दिसल्यावर न मागता बिलाची वही समोर आली. दोष वाढप्याचा नव्हता. आम्हीच जेवण संपवून टाकलं होतं.

दुपार लांबवायची असेल तर ती ऑर्डर देण्यातूनच लांबते. पाणी मागताना सांगून टाका, “आम्ही सावकाश खाणार आहोत, एकेक करून सांगतो.” मग मेन्यूतलं सगळ्यात छोटं पान उघडा. त्याला स्मॉल प्लेट्स किंवा बार बाइट्स म्हणतात. त्यातले दोनच पदार्थ मागवा, एक तळलेला आणि एक न तळलेला. एक शाकाहारी हवाच, टेबलावर शाकाहारी कुणी नसलं तरीसुद्धा. चिली चीज टोस्ट असेल तर घ्या. एग्ज केजरीवाल दिसलं तर तेही. टोस्टवर चीज, हिरवी मिरची आणि वर अंडं, मूळ विलिंग्डन क्लबमधलं. खास मुंबईचा पदार्थ आहे, पहिल्या घासाला शोभतो.

एक-सव्वाला दुसरी फेरी. आता जरा भारी पदार्थ. कोळीवाडा कोळंबी, जिचं नाव सायन कोळीवाड्यावरून पडलं, किंवा बटर गार्लिक. आमच्या नेहमीच्या जागी बटर गार्लिक कोळंबी खोलगट बिडाच्या तव्यात येते. टेबलावर ठेवल्यावरही कडेला लोणी फुटत असतं, लसणाचे काप नुकते तांबूस झालेले असतात, आणि वाढपी तवा ठेवताना “गरम आहे, ताई” म्हणून हात मध्ये धरतो. बरोबर पावाच्या चार फोडी येतात, त्या कधीच पुरत नाहीत. पाव आधीच जास्तीचा मागवा. कोळंबी संपल्यावर तव्यात जे लोणी उरतं, त्यात बुडवलेला पाव हा माझ्या मते त्या दुपारचा सगळ्यात चांगला घास. त्यासाठी मी कोळंबी दुसऱ्याला सोडते.

मासे मागवताना महिना बघा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत मेन्यूत पापलेट असलं तर ते बहुतेक बर्फातलं. तेव्हा चिकन, खिमा पाव, मशरूम अशा वाटेने जा. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा मासे.

दोन वाजून गेल्यावर मोठ्या ताटलीचा विचार करा. पिझ्झा, खिमा पाव, बिर्याणी हे वाटून खाता येतं. बर्गर आणि फिश अँड चिप्स वाटायला गैरसोयीचे. ज्याला हवं त्याने स्वतःपुरतं घ्यावं. पाच जणांत तीन मोठे पदार्थ खूप झाले. इंग्लंडात पबचं रविवारचं जेवण म्हणजे भाजलेलं मांस, बटाटे आणि ग्रेव्ही. आपल्याकडे रविवारी घरी मटण असतं, आणि ते सोडून आलोय तर बाहेरचं तेवढ्या तोलाचं हवं, असं माझं मत. म्हणून जे घरी होत नाही तेच मागवा.

पदार्थ समजला नाही तर विचारा. मेन्यूवर नाव असतं एक आणि येतं दुसरंच. “हे कसं असतं? तिखट आहे का? किती नग येतात?” असं विचारण्यात काहीही कमीपणा नाही. किती नग येतात हा तर फार उपयोगाचा प्रश्न. पाच माणसं आणि चार कटलेट हा प्रसंग टळतो.

पिणारे, न पिणारे

आमच्या पाचांतले दोघं पीत नाहीत. एकाने औषधांमुळे सोडली, दुसरीला कधी आवडलीच नाही. दुपार त्या दोघांचीही तेवढीच असते. त्यांना “थोडी तरी घे” असं एकदाही म्हणायचं नाही, हा आमचा एकमेव नियम. कोकम सोडा, आलं-लिंबू, कोल्ड कॉफी, बहुतेक ठिकाणी बरंच काही मिळतं. एका ठिकाणी वाढप्याने न विचारता बिअरचा मग पार्लेकरासमोर आणि कोकम सोडा माझ्यासमोर ठेवला. होतं नेमकं उलटं. आता आम्ही ऑर्डर देतानाच कुणाचं काय ते नावानिशी सांगतो.

पहिल्यांदा बिअर घेणार असाल तर ताजी, नळाची घ्या. पुण्यात २००९ साली डूलाली या छोट्या ब्रुअरीने सुरुवात केल्यापासून आपल्याकडे ही ताजी बिअर रुजली. अनेक ठिकाणी मागितल्यावर चाखायला घोटभर देतात, निःसंकोच मागा. व्हीट बिअर गव्हाची, गढूळ दिसते, यीस्टमुळे तिला केळ्या-लवंगेसारखा वास असतो. नवख्या जिभेला हीच सोपी. आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, हिच्यात हॉप्स नावाच्या फुलांचा कडवटपणा असतो, ती नंतर कधीतरी. स्टाउट काळी, कारण माल्ट कडक भाजलेला असतो. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. सायडर सफरचंदाच्या रसाची, गोडसर.

बिअर म्हणजे काहीच नाही, हा समज मनातून काढा. ५ टक्के मद्यांश असलेल्या ५०० मिलिलिटरच्या मगात २५ मिलिलिटर मद्यार्क असतो. ६० मिलिलिटरच्या लार्ज व्हिस्कीत, ४२.८ टक्क्यांनी, साधारण तेवढाच. एक मोठा मग म्हणजे एक लार्ज पेग. चार तासांत दोन मग आणि प्रत्येक मगामागे एक मोठा ग्लास पाणी, हा माझा हिशोब. साधं पाणी मागा, बाटलीच घेतली पाहिजे असं नाही.

आणि ज्याने घोटभरही घेतली त्याने गाडीला हात लावायचा नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर मद्यार्क सापडला तर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडासाठी नव्हे. त्या टेबलावरची माणसं मला पुढच्या महिन्यातही हवी आहेत.

गप्पांना जागा द्या

यासाठी काही पायऱ्या नाहीत. फोन पालथे ठेवा. फोटो काढायचा तर पहिल्या दहा मिनिटांत काढून घ्या. सुरुवातीचा वेळ ऑफिस, ट्राफिक, शाळेतल्या बाई यात जातो, आणि खरं बोलणं साधारण दुसऱ्या फेरीनंतर निघतं. तेव्हा कुणी गप्प झालं तर लगेच विषय बदलू नका. आमच्यातल्या एकाने त्याच्या वडिलांच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदा अशाच वेळी, पावाचा तुकडा बोटांत फिरवत सांगितलं. आधी बराच वेळ काही बोलला नव्हता.

बिल

बिल आलं की वाचा. न वाचता पैसे देण्यात मोठेपणा नाही. खाण्यावर ५ टक्के जीएसटी. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, आणि परमिट रूमसाठी (परवान्याच्या दृष्टीने गॅस्ट्रोपबही त्यातच येतो) तो नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के आहे. समजा खाणं ३००० आणि पिणं २००० रुपयांचं, तर १५० अधिक २०० मिळून ५३५० रुपये. यापेक्षा आकडा मोठा असेल तर सर्व्हिस चार्ज शोधा. तो द्यायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तसे नियम काढले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम केले. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आम्ही तो काढून घेतो आणि ज्याने चार तास आपल्याकडे बघितलं त्याच्या हातात थेट टिप देतो.

वाटणी करताना दारूचा हिशोब वेगळा ठेवा. न पिणाऱ्याकडून बिअरचे पैसे घेणं बरोबर नाही. आमच्याकडे एक जण सगळं बिल भरते, घरी जाऊन दोन आकडे ग्रुपवर टाकते, खाणं आणि पिणं, आणि रात्रीपर्यंत सगळ्यांचे पैसे यूपीआयने येतात.

उरलेलं बांधून घ्या, लाजू नका. आमच्याकडे ते नेहमी डोंबिवलीकरांना मिळतं, कारण त्यांना घरी पोचायला सगळ्यात उशीर होतो आणि संध्याकाळी स्वयंपाक करायचा जीव राहत नाही. जागा ठरवतानाही हे लक्षात असू द्या. दर वेळी तीच माणसं दीड तास लोकलने येत असतील तर कधीतरी उलटं करा. आम्हाला हे कळायला तीन वर्षं लागली.

पुढची तारीख टेबलावरून उठण्याआधी ठरवा. घरी जाऊन ठरवू म्हटलं की दोन महिने जातात. आमची ठरली आहे. या खेपेला आम्ही तिघं डोंबिवलीला जातोय, जागा त्यांनी शोधलीय, कोपऱ्यातलं टेबलही सांगून ठेवलंय. मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे, ते शनिवारी बघायचं आहे.